निवासी वस्तीतील व्यापारी बांधकाम : हरकत केव्हा आणि कशी घ्यावी?

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील आपल्या सभासदांकडून गेल्या काही वर्षांत एक तक्रार वारंवार कानावर येते. वसाहत शांत होती. मग कोपऱ्यावरच्या घराची भिंत फोडून शटर बसले, पाठोपाठ शेजारच्या घराचे हॉटेल झाले, पुढे रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागली आणि आता रात्री बारापर्यंत गजबज असते. तक्रार करणारा पुढे म्हणतो, "आम्ही सांगून पाहिले, पण कोणी ऐकत नाही." कोणाला सांगितले, केव्हा सांगितले आणि लेखी दिले का, असे आम्ही विचारतो तेव्हा बहुधा उत्तर येत नाही. म्हणून हा विषय स्मरणिकेत थोडा विस्ताराने मांडावा असे आम्हांस वाटले. विद्यार्थी मित्रांनी तो विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण वसाहतीत अर्ज लिहिण्याचे काम शेवटी त्यांच्याकडेच येते.

शांतता ही श्रीमंतांची हौस आहे, असा एक समज आपल्यातही आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ज्याच्या घरात चार खोल्या आहेत तो रस्त्याकडची खिडकी लावून आतल्या खोलीत बसू शकतो. गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या १८० चौरस फुटांच्या गाळ्यात किंवा पुनर्वसनाच्या २२५ चौरस फुटांच्या खोलीत आतली खोलीच नसते. तेथे दहावीचा मुलगा अभ्यास करतो, रात्रपाळी करून आलेला बाप झोपतो आणि आजारी आजी खाटेवर असते. या घराची आतली खोली म्हणजे बाहेरचा व्हरांडा, इमारतीमधले मोकळे पटांगण आणि जवळची अभ्यासिका. त्या पटांगणात गाड्या उभ्या राहू लागल्या आणि अभ्यासिकेखाली बार सुरू झाला, तर त्या मुलाचे काय गेले हे मोजायला कोणती फूटपट्टी लावणार?

कोणत्या जागेत काय चालावे हे कोण ठरवते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. साष्टी बेटावरील ही गावे मुंबई महापालिकेत दोन टप्प्यांत आली. १९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा भाग जोडला गेला आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंतचा. मुलुंडसारख्या ठिकाणी तत्पूर्वीच, १९२२ च्या सुमारास, चौकटीच्या रस्त्यांची आखणी झालेली होती. बाकी पुष्कळशी उपनगरे शेते, मिठागरे, खाणी आणि गावठाणे यांच्या जागेवर वाढली. त्यांत पुढे गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या : घाटकोपरचे पंतनगर, चेंबूरचे टिळकनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर. या वसाहतींच्या आखणीत दुकानांना जागा नव्हती असे नाही. रेशन, किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना यांसाठी दुकानांची जागा वेगळी राखलेली असे आणि घरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असे. म्हणजे बाजार होता, पण त्याची जागा ठरलेली होती.

ही जागा ठरविण्याचे साधन म्हणजे शहराचा विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तो तयार होतो. मुंबईचा पहिला आराखडा १९६० च्या दशकात झाला. दुसऱ्याबरोबर मार्च १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि तिसरा, म्हणजे २०३४ पर्यंतचा आराखडा, मे २०१८ मध्ये मंजूर होऊन १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. १९९१ च्या नियमावलीत निवासी विभागाचे दोन प्रकार होते. आर-१ म्हणजे केवळ निवासी आणि आर-२ म्हणजे रस्त्याकडेला दुकानांची रांग असलेला निवासी. सर्वसामान्य माणसाला हा भेद समजत असे. आपली इमारत आर-१ मध्ये आहे एवढे माहीत असले, की खाली उपाहारगृह येणार नाही हा भरवसा वाटे. २०१८ च्या नियमावलीत निवासी विभागासाठी वापरांचे लांबलचक कोष्टक आहे. त्यातला कोणता वापर कोठे चालेल हे समोरचा रस्ता किती रुंद आहे, वापर तळमजल्यावर आहे की वर, आणि त्याला रहिवाशांच्या जिन्यापासून वेगळा प्रवेश आहे की नाही, अशा अटींवर ठरते.

यातली रस्त्याच्या रुंदीची बाब फार महत्त्वाची असून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. वसाहतीसमोरचा रस्ता रुंद होणार असे कळले की आपण आनंदित होतो. रस्ता रुंद होणे चांगलेच. परंतु त्याबरोबर त्या रस्त्यावर अधिक प्रकारच्या व्यापारी वापरांना दार उघडते आणि इमारतीची उंचीही वाढू शकते. ज्या गल्लीत आज फक्त रिक्षा शिरते, ती गल्ली आराखड्यात किती रुंद दाखविली आहे, हे पाहून आणखी दहा वर्षांनी तेथे काय येईल याचा अंदाज बांधता येतो. कोणत्याही जागेचा असा शेरा महापालिकेकडून मिळतो. त्याला 'डी.पी. रिमार्क' म्हणतात. बिल्डर जमीन घेण्यापूर्वी हा कागद काढतो. रहिवाशांपैकी क्वचितच कोणी काढतो.

दुसरी मूलभूत गोष्ट अशी की, कायद्याच्या भाषेत 'विकास' म्हणजे केवळ नवे बांधकाम नव्हे. १९६६ च्या कायद्यात विकासाची जी व्याख्या आहे तिच्यात इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही येतो. एक वीटही न हलविता घराचे गोदाम केले, तरी तो विकास झाला आणि त्यास परवानगी हवी. "आम्ही बांधकाम कुठे केले? फक्त सामान ठेवतो," हे उत्तर पुष्कळदा ऐकू येते आणि ऐकणारा गप्प बसतो. त्याने गप्प बसू नये.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. घरात पापड लाटणारी, शिवणयंत्र चालविणारी, शिकवण्या घेणारी बाई आणि वसाहतीच्या तोंडाशी टोपली घेऊन बसणारा भाजीवाला यांना या विषयात ओढू नये. घरातून चालणाऱ्या लहान व्यवसायांना निवासी विभागातही नियमांनी मुभा ठेवलेली आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद स्वतः विक्रेते असावे लागतात आणि रहिवासी संघांनाही तेथे जागा आहे. काही वसाहतींत रहिवाशांचे सारे बळ दोन भाजीवाल्यांना हुसकावण्यात खर्ची पडलेले आम्ही पाहिले आहे आणि त्याच काळात मागच्या इमारतीत तीन घरे एक करून गोदाम उभे राहिले, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. गरीब माणूस उघड्यावर बसतो म्हणून दिसतो. भिंतीआड जे चालते ते अधिक धोक्याचे असते.

हा धोका किती खरा आहे हे घाटकोपरने पाहिले आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्क भागातील सिद्धी साई ही चार मजली निवासी इमारत सकाळच्या वेळी कोसळली आणि १७ माणसे दगावली. तळमजल्यावर पूर्वी रुग्णालय चालत असे. त्या जागेत फेरफाराचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदविला, अटक झाली. या कामाला आपला विरोध होता, असे बचावलेल्या रहिवाशांनी त्या वेळी वार्ताहरांना सांगितले. वर राहणाऱ्यांपैकी कोणाचा त्या जागेशी व्यवहाराचा संबंध नव्हता. त्यांचा संबंध एवढाच होता, की खालच्या जागेतील खांब त्यांच्याही घरांचे वजन पेलत होते.

त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी अंधेरीजवळ साकीनाका येथील खैरानी रोडवर फरसाण तयार करणाऱ्या एका दुकानाला पहाटे आग लागली आणि १२ कामगार मेले. ते तेथेच झोपत असत. व्यापारी वापराबद्दल बोलताना आपण रहिवाशांना होणाऱ्या त्रासाचाच विचार करतो. परंतु नियम मोडून चालविलेल्या जागेत पहिला बळी पुष्कळदा तेथे राबणाऱ्याचाच जातो, आणि तो आपल्यासारख्याच कोणाचा तरी मुलगा असतो.

तिसरी घटना अगदी अलीकडची आहे. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपर पूर्वेच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर एक प्रचंड जाहिरात फलक कोसळला. त्यातही १७ जण प्राणास मुकले. महापालिका जास्तीत जास्त ४० फूट बाय ४० फूट आकाराचा फलक मान्य करते. हा फलक सुमारे १२० फूट बाय १२० फूट होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील होती. महापालिकेने सांगितले, की आमची परवानगी घेतलेली नव्हती. म्हणजे पूर्व द्रुतगती मार्गावरून हजारो लोकांना रोज दिसणारी वस्तू कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येते, हे ती पडल्यावर ठरू लागले. पंतनगर आणि रमाबाई आंबेडकर नगर तेथून जवळच आहेत. सामान्य माणसाची अशी समजूत असते, की एवढी मोठी वस्तू उभी आहे म्हणजे परवानगी असणारच. या तिन्ही घटनांनंतर ही समजूत सोडून द्यावी असे आम्हांस वाटते. परवानगी आहे काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

आता 'केव्हा' या प्रश्नाकडे वळू. आपल्या तक्रारी बहुतेक शटर उघडल्यावर सुरू होतात. तोपर्यंत मालकाने पैसा घातलेला असतो, नोकर ठेवलेले असतात, वीज-पाणी जोडलेले असते. मग तो न्यायालयात जाऊन स्थगिती मागतो आणि वर्षे जातात. कायद्याने रहिवाशाला बोलण्याची जी वेळ दिली आहे ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. मंजूर आराखड्यात नंतर एखादा बदल करावयाचा असेल, उदाहरणार्थ शाळेसाठी किंवा मैदानासाठी राखलेली जागा दुसऱ्या वापरासाठी द्यायची असेल, तर कलम ३७ खाली राजपत्रात सूचना काढून हरकतींसाठी एक महिन्याची मुदत द्यावी लागते. ही सूचना वर्तमानपत्रात आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, 'हरवले आहे' आणि 'नावात बदल' यांच्या शेजारी येते. आपल्या वाचनालयात रोज पाच-सहा वर्तमानपत्रे येतात. विद्यार्थ्यांपैकी दोघांनी जाहीर सूचनांचे पान पाहण्याचे काम वाटून घेतले, तर अख्ख्या वसाहतीचे काम होईल.

एवढ्या हरकतींनी काय होते, असे कोणी विचारील. २०३४ च्या आराखड्याचेच उदाहरण घ्यावे. त्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानकांच्या परिसरात आठपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक सुचविलेला होता, आरे वसाहतीची मोठी जमीन बांधकामास खुली करण्याचा प्रस्ताव होता आणि नकाशांत चुका इतक्या होत्या, की उभ्या इमारतींमधून व प्रार्थनास्थळांमधून रस्ते दाखविलेले होते. मसुदा इंग्रजीत होता, मराठीत का नाही यावरूनही ओरड झाली. लोक नकाशे पाहायला विभाग कार्यालयांत जाऊ लागले. ठिकठिकाणी सभा झाल्या आणि हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा बाजूला ठेवून चुका सुधारून पुन्हा तयार करण्याचा आदेश दिला आणि सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. एवढ्या मोठ्या शहराचा आराखडा लोकांच्या हरकतींमुळे मागे घ्यावा लागला, ही लहान गोष्ट नव्हे. यात पुढाऱ्यांचा आणि जाणत्या वास्तुशास्त्रज्ञांचा वाटा होताच. परंतु आपल्या गल्लीचा रस्ता नकाशात चुकला आहे, हे सांगणारा माणूस त्या गल्लीतलाच असावा लागतो.

तथापि, आराखड्याची वेळ वीस वर्षांतून एकदा येते. आज आपल्या वसाहतींत व्यापारी बांधकाम येते ते मुख्यत्वे पुनर्विकासाच्या वाटेने. जुनी चार मजली इमारत पाडून बावीस मजली होणार, प्रत्येकाला मोठे घर मिळणार, या आनंदात खालच्या दोन मजल्यांवर काय आहे हे कोणी पाहत नाही. बिल्डरला रस्त्याकडच्या तळमजल्याचा भाव वरच्या घरांपेक्षा अधिक मिळतो म्हणून तो तेथे गाळे काढतो. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी शासनाने कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारले. त्याप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते आणि कागदपत्रे सभासदांसमोर ठेवावी लागतात. याच सभेत विचारले पाहिजे : गाळे किती? त्यांचा प्रवेश रस्त्यावरून की आपल्या आवारातून? त्यांच्या गाड्या कोठे उभ्या राहतील? उपाहारगृह आले तर धुराडे कोणाच्या खिडकीपाशी जाईल? गाळेधारक सोसायटीचे सभासद होणार की त्यांची वेगळी संस्था? हे प्रश्न विचारणाऱ्याला पुष्कळदा 'विकासविरोधी' म्हणून खाली बसविले जाते. तरीही त्याने आपला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावा असा आग्रह धरावा, कारण करारनामा झाल्यावर या प्रश्नांची किंमत फार वाढते.

परमिट रूम आणि दारूच्या दुकानाचा प्रश्न आपल्या वसाहतींत सर्वांत अधिक जाचक आहे. त्याबाबत पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून येथे थोडे थांबतो. मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ प्रमाणे शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेपासून ७५ मीटरच्या आत परमिट रूमचा परवाना देता येत नाही. हे अंतर नकाशावर सरळ रेषा मारून मोजत नाहीत. बारच्या दाराच्या मध्यापासून पायी जाणारा माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने जाईल त्या वाटेने संस्थेच्या फाटकापर्यंत मोजतात. मधे दुभाजक असेल आणि वळसा घ्यावा लागत असेल, तर समोर दिसणारा बारही ७५ मीटरच्या बाहेर पडू शकतो. म्हणून आधी टेप घेऊन मोजावे आणि मग अर्ज करावा.

याहून महत्त्वाचे म्हणजे संस्था कशाला म्हणावे. नियमातील धार्मिक संस्था म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाच्या मालकीचे किंवा व्यवस्थेखालील सार्वजनिक पूजास्थान. शैक्षणिक संस्था म्हणजे मान्यताप्राप्त शाळा किंवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. खाजगी शिकवणी वर्ग त्यात मोडत नाहीत. याचा अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावा. ज्या विहारात तीस वर्षे वंदना होते पण ज्याची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद नाही, ते विहार या नियमाच्या दृष्टीने तेथे नाहीच. अभ्यासिकेत रोज पन्नास मुले बसत असली तरी ती अभ्यासिका शाळा ठरत नाही. नोंदणीचे काम आपण दरवर्षी 'पुढच्या महिन्यात' म्हणून ढकलतो. तेवढ्यात समोरच्या गाळ्यात परवाना मिळतो, आणि तो मिळाल्यावर केलेली नोंदणी फारशी कामाची राहत नाही.

परवाना दिला गेल्यानंतरचा एक उपाय महाराष्ट्रात आहे, तो म्हणजे 'आडव्या बाटली'चे मतदान. २००८ च्या शासकीय आदेशाने प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केल्यास सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेण्याची तरतूद झाली. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक गावांनी हा उपाय यशस्वी केला. शहरात तो कठीण जातो, कारण प्रभाग मोठा असतो आणि त्या आदेशात नुसत्या झालेल्या मतांचे नव्हे, तर एकूण मतदारसंख्येच्या निम्म्याहून अधिकांचे पाठबळ मागितलेले होते. घरी बसलेली प्रत्येक बाई म्हणजे उभ्या बाटलीला पडलेले मतच. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने विधानसभेत असे जाहीर केले, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूच्या दुकानाला त्या सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागेल. म्हणून असा अर्ज सोसायटीपुढे आला, तर तो कमिटीच्या चौघांत निकाली न काढता सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.

दुकानांच्या वेळेबद्दलही परिस्थिती बदलली आहे, हे जुन्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बंद करण्याची वेळ ठरलेली असे आणि दुकान-निरीक्षकाकडे तक्रार करता येई. २०१७ च्या नव्या कायद्याने सामान्य दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली आणि लहान दुकानांना नोंदणीऐवजी फक्त माहिती कळविण्याची सवलत दिली. त्यामुळे 'रात्री अकराला दुकान उघडे असते' ही आता तक्रार होत नाही. आवाजाची तक्रार मात्र होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. व्यापारी भागासाठी हेच आकडे ६५ आणि ५५ आहेत. येथे आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांतील ध्वनिक्षेपकही त्याच नियमाखाली येतात, हे सांगणे भाग आहे. जयंतीच्या रात्री मर्यादा ओलांडणाऱ्या मंडळाने बारच्या संगीताविरुद्ध अर्ज केला, तर तो घेणारा अधिकारी मनात काय म्हणेल?

"आमचे त्या जागेत काही नाही, मग आम्हांला तक्रार करता येईल काय?" असेही विचारले जाते. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच दिले आहे. कर्नाटकातील उडुपी येथे निवासी म्हणून राखलेल्या भागात नगरपालिकेने चित्रपटगृहास परवानगी दिली. तेथील एका रहिवाशाने दाद मागितली. नगररचना योजना ही तेथे राहणाऱ्यांच्या हितासाठी असते, म्हणून ती मोडली गेल्यास दाद मागण्याचा रहिवाशाला हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि ती परवानगी टिकली नाही. पन्नास वर्षांनी, १७ डिसेंबर २०२४ रोजी, मेरठच्या शास्त्रीनगरमधील खटल्यात त्याच न्यायालयाने निवासी भूखंडावर बांधलेली दुकाने पाडण्याचा आदेश कायम केला. इतकी वर्षे झाली, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली नाही, पैसा गुंतला आहे, यांपैकी कशानेही अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. अनधिकृत इमारतीत कोणत्याही व्यवसायास परवाना देऊ नये, असा निर्देशही त्यात आहे. हा निर्देश महापालिकेच्या परवाना खात्याला व आरोग्य खात्याला लागू पडतो, म्हणून उपाहारगृहाविरुद्धच्या अर्जात त्याचा उल्लेख अवश्य करावा.

अर्ज कोठे द्यावा? बांधकाम किंवा वापरातील बदल यासाठी विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्याकडे. घाटकोपरकरांचे 'एन' विभाग कार्यालय, मुलुंडकरांचे 'टी', बोरिवलीचे 'आर मध्य'. खाद्यपदार्थ व त्रासदायक धंदे यांचे परवाने महापालिका कायद्याच्या कलम ३९४ खाली दिले जातात. त्याची तक्रार आरोग्य खात्याकडे. काम चालू असेल तर ते थांबविण्याची नोटीस कलम ३५४-अ खाली निघू शकते, म्हणून भिंत फुटायला लागली त्याच दिवशी अर्ज गेला पाहिजे. खांबाला किंवा तुळईला हात लागल्याचा संशय असेल, तर अर्जावर थांबू नये. पोलीस ठाण्यात व अग्निशमन दलाला त्याच घटकेला कळवावे आणि लोकांना इमारतीबाहेर काढावे.

अर्जात संताप नको, मजकूर हवा. इमारतीचे नाव, गाळा क्रमांक, पूर्वी काय होते, आता काय आहे, कोणत्या तारखेपासून, मंजूर नकाशात त्या जागेचा वापर काय दाखविला आहे, एवढे एका पानात बसते. तारखेसह छायाचित्रे जोडावीत. 'समस्त रहिवासी' अशी सही न करता प्रत्येकाने नाव व खोली क्रमांक लिहावा. निनावी अर्ज बाजूला पडतो. दुकानदार त्याच इमारतीत राहणारा असेल, तर अर्जापूर्वी चार वडीलधारी माणसे त्याच्याकडे जाऊन बोलली तर उत्तम. आमच्या पाहण्यात अशा बोलण्याने दोन वेळा शटर मागे गेले आहे आणि शेजारधर्मही राहिला आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा आणि ती प्रत सेक्रेटरीच्या घरी न ठेवता सोसायटीच्या फाइलला लावावी. सेक्रेटरी बदलतात, आणि तीन वर्षांनी न्यायालयात पहिला प्रश्न येतो तो "आपण प्रथम हरकत केव्हा घेतली?" हाच.